दीड किलोचे पाऊण किलो

अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत कॅमेरा चालतो, फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, आणि ती हौशी माणसाला लेण्याच्या दारात उभ्या उभ्या मिळत नाही. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मातीच्या गिलाव्यावर दीड हजार वर्षांपूर्वी चढवलेले रंग आपल्या अल्बमसाठी आणखी फिके करण्याचा हक्क कोणालाच नाही. पण छायाचित्रकाराच्या बाजूने पाहिलं तर अंधाराशी लढायची दोन्ही हत्यारं लेण्यांजवळच्या फर्दापूरलाच ठेवावी लागतात. आत जाताना उरतात ते दोन हात, रोखून धरलेला श्वास आणि गळ्यातलं यंत्र. हे यंत्र कसं असावं, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला म्हणूनच पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जरा वेगळा पडतो.

माझ्या गळ्यात बरीच वर्षं निकॉन डी ७५० होता. बॅटरीसकट ८४० ग्रॅम, त्यावर २४-१२० ची लेन्स ७१० ग्रॅम. म्हणजे साधारण दीड किलो. वेरूळला सोळाव्या लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढून कैलास वरून पाहायचा, मग खाली उतरून दहाव्या लेण्यात, तिथून बत्तिसाव्यापर्यंत चालत जायचं, तर दुपारपर्यंत मान आणि उजवं मनगट बोलायला लागतं. आता त्याच्या जागी फुजीफिल्मचा एक्स-एस१० आला आहे. बॅटरी आणि कार्ड धरून ४६५ ग्रॅम, सोबतची १८-५५ ची लेन्स ३१० ग्रॅम. बेरीज पाऊण किलो, बरोबर निम्मी. दोन्ही वजनं कागदावर ठाऊक होती, तरी पहिल्यांदा हातात घेतल्यावर वाटलं ते एवढंच की करंगळीला जागा नाही. ती बॉडीच्या खाली लोंबकळत राहते आणि काही दिवस तिचं काय करायचं ते हाताला कळत नाही.

वजन कमी होण्याचं कारण साधं आहे. डीएसएलआरच्या पोटात सेन्सरच्या पुढे ४५ अंशांत कललेला आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो, वरचं पंचकोनी प्रिझम तो आपल्या डोळ्यापर्यंत आणतं. बटण दाबलं की आरसा वर उडतो, शटर उघडतं, आरसा पुन्हा खाली येतो. तो ओळखीचा ‘खटाक’ त्याचाच. आरशाला हलायला जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसवावी लागते. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे आणि माझ्या डी ७५०मध्येही तेवढंच. आरसा काढला की फुजीच्या एक्स माउंटमध्ये ते १७.७ वर येतं. मधली पोकळीच गेली. शिवाय फुजीचा सेन्सर लहान, क्षेत्रफळाने निकॉनच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून लेन्साही लहान. हा दुसरा भाग दुकानदार सांगत नाही. ‘मिररलेस म्हणून हलका’ असं तो म्हणतो. मोठ्या सेन्सरच्या मिररलेसवर एफ २.८ ची झूम लावून पाहावी, मग हलकेपणा कुठे जातो ते कळतं.

तंत्र म्हणून हे सगळं आता नवं राहिलेलं नाही. पॅनासॉनिकचा जी१ २००८ साली आला, सोनीने मोठ्या सेन्सरचा ए७ २०१३ साली आणला, आणि मोठ्या सेन्सरपुढे कॅनन-निकॉनने अखेर २०१८ साली मान तुकवली. आपल्याकडे त्याचा शिरकाव झाला तो मात्र लग्नाच्या दारातून.

उस्मानपुऱ्यापासून सिडकोपर्यंत कोणत्याही लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा, व्हिडिओसाठी मिररलेस आधी आला आणि फोटोसाठी मागून. मंगलाष्टकं चालू असताना खटाक-खटाक नाही, हा फायदा. तोटाही तिथेच. आवाज पूर्ण बंद करायचा तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरावं लागतं. ते सेन्सरवरची एकेक ओळ वरून खाली वाचत जातं, आणि लॉनवरचे एलईडी दिवे तेवढ्यात कित्येकदा लुकलुकून घेतात. मग नवरीच्या शालूवर आडवे काळे पट्टे उमटतात. जाणता माणूस हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर यांत्रिक शटरवर जातो. पण माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरचं दुखणं वेगळंच होतं. “दादा, फोटो चांगलेच येतात हो,” तो म्हणाला, “पण मी एवढासा कॅमेरा घेऊन उभा राहिलो की मुलीचे मामा विचारतात, मेन फोटोग्राफर कधी येणार?” त्यावर त्याने उपाय काढला. बॉडीला खालून बॅटरी ग्रिप जोडली, पुढे भलं मोठं लेन्सहूड लावलं. कंपनीने घटवलेलं वजन त्याने पदरचे पैसे घालून पुन्हा चढवलं आणि मामांचं समाधान केलं.

लहान कॅमेऱ्याची उलटी बाजू बीबी का मकबऱ्यात कळते. मोठी लेन्स दिसली की हटकलं जातं: शूटिंग आहे का, परवानगी आहे का? प्रीवेडिंगवाल्यांनी या शहरातल्या प्रत्येक कमानीखाली इतका धुमाकूळ घातला आहे की पहारेकऱ्यांना दोष देता येत नाही. एक्स-एस१० कडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांच्या घोळक्यात मी उभा राहतो आणि त्यांच्यातलाच एक होतो. आधीच्या कॅमेऱ्यासमोर ही पोरं ओळीत उभी राहून दोन बोटं वर करायची. आता करत नाहीत. चित्रात याने जो फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसोयी आहेत, त्या भरभर सांगून टाकतो. बॅटरी: डी ७५०ला कंपनी एका चार्जमध्ये १२३० फोटो सांगते, एक्स-एस१०ला ३२५. आरशातून पाहायला वीज लागत नव्हती. आता नुसतं पाहिलं तरी खर्च होतो. पॉवर बँकेवर चार्ज होतो एवढाच दिलासा, पण खिशात दोन जास्तीच्या बॅटऱ्या ठेवून वाचवलेल्या वजनातलं थोडं परत द्यावंच लागतं. धूळ: जुन्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की पुढे आरसा आणि मिटलेलं शटर असायचं, इथे लेन्स काढली की सेन्सर उघडाच. एप्रिलमध्ये वेरूळच्या रस्त्यावर, वारं सुटलेलं असताना लेन्स बदलणं म्हणजे मराठवाड्याला सेन्सरवर बोलावणं. मी आता गाडीच्या काचा वर करून, कॅमेरा पालथा धरूनच लेन्स बदलतो आणि हवेचा फुगा बॅगेत असतो. जायकवाडीला हिवाळ्यात रोहित पाहायला जाणाऱ्या मित्रांनी मात्र तक्रार केली नाही. लहान सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी वागते, आणि पैठणच्या बाजूला पाण्याकडेने चिखलात चालताना हलकी बॅग कोणाला नको असते?

आता मूळ विषयाकडे, म्हणजे अंधाराकडे.

या जिल्ह्यात कॅमेरा लहान करण्याची खटपट जुनी आहे. मद्रास आर्मीतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या कामावर नेमला गेला तो चित्रकार म्हणून. भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रती करायच्या, हे त्याचं काम. अजिंठा गावात मुक्काम ठोकून त्याने ते वर्षानुवर्षं केलं. त्यातल्या बहुतेक प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या आणि १८६६च्या आगीत जळाल्या. लोकांना गिल आठवतो तो त्याची प्रेयसी पारो हिच्यामुळे; ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर लिहिलं, नितीन देसाईंनी २०१२ साली सिनेमा केला. छायाचित्रकार गिल मात्र फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. आगीच्या आधीच तो कॅमेऱ्याकडे वळला होता आणि त्याने निवडला तो स्टिरिओ कॅमेरा. दोन लेन्सा, एकाच काचेवर शेजारी शेजारी दोन छोटी चित्रं, दुर्बिणीसारख्या खेळण्यातून पाहिली की लेणं खोल दिसतं. १८६४ साली त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनमध्ये निघाली.

स्टिरिओची काच लहान, लेन्स आखूड, त्यामुळे त्या काळच्या ताटाएवढ्या काचांच्या कॅमेऱ्यापेक्षा वजन कमी आणि एक्स्पोजरही कमी. भिंतीएवढ्या कॅनव्हासवरून तळहाताएवढ्या काचेवर आलेला माणूस तो. तरीही ‘हलकं’ म्हणजे काय होतं ते पाहा. ओल्या कलोडियनची पद्धत: काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे काचा, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू हे सगळं वाघोरा नदीच्या काठाने लेण्यापर्यंत न्यायचं. आमच्याकडच्या उन्हात ती काच किती वेळ ओली राहत असेल याचा अंदाज कोणीही करावा.

एवढं करूनही ज्यासाठी तो आला होता, ती चित्रं त्या काचेवर धड उतरण्यासारखी नव्हती. कलोडियनला निळा प्रकाश दिसतो; तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नाहीत. अजिंठ्याच्या रंगपेटीत मुख्य काय, तर गेरू आणि पिवळी माती. अंधार सोडाच, भर उन्हात ती भिंत उभी केली असती तरी छापावर काळीच उमटली असती. कॅमेऱ्याने दर्शनी भाग, खांब आणि मूर्ती घ्याव्यात, रंग कुंचल्यानेच घ्यावेत, ही वाटणी रसायनानेच करून ठेवली होती. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती करायला आले, त्याही कुंचल्यानेच. त्यांच्या कामातलंही बरंच १८८५ साली लंडनमध्ये जळालं. दोन आगींनंतर कोणी लेण्यांना शाप चिकटवला असेल तर नवल नाही. मला त्यात लाकडी मांडण्या आणि तैलरंग एवढंच दिसतं.

निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३०पासून १९५५पर्यंत चार भागांत अजिंठा छापला, तो छायाचित्रांवरून. तोवर रंग काचेवर यायला लागले होते. १९९१ साली बिनॉय बहल यांनी मंद प्रकाशात लांब एक्स्पोजर देऊन चित्रं टिपली. त्यांचं पुस्तक १९९८ साली आलं आणि त्यात अजिंठा इतका उजळ दिसला की पर्यटक ते पाहून येतात आणि पहिल्या लेण्यात शिरल्यावर विचारतात, चित्रं कुठे आहेत?

हाच प्रश्न नव्या कॅमेऱ्याने माझ्यापुढे टाकला, पण उलट्या बाजूने.

जुन्या कॅमेऱ्याने लेणं क्रमांक एकमध्ये काम कसं व्हायचं? डोळा लावला की आत अंधार. जितका बाहेर, तितकाच आत. फोकस पुढे-मागे चाचपडायचा. अंदाजाने आकडे लावायचे, खटाक, मागच्या पडद्यावर पाहायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा खटाक. मागचा माणूस तोवर ‘चला भाऊ पुढे’ म्हणायचा. आता व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा पडदा आहे आणि त्यावर सेन्सरला जे दिसतंय तेच दिसतं, फोटो काढण्याआधी. ३५ मिलिमीटरची एफ १.४ ची लेन्स लावायची, आयएसओ ३२००. बॉडीतला सेन्सर हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने सरकून ती खाऊन टाकतो, म्हणून एक अष्टमांश सेकंदालाही चित्र स्थिर येतं. आधी ही सोय माझ्याकडे फक्त झूम लेन्समध्ये होती, आणि ती झूम एफ ४ ची. तीन स्टॉप म्हणजे आठपट प्रकाश, तोही ट्रायपॉडशिवाय. अंधाराची जुनी अडचण १८७ ग्रॅमच्या काचेने सुटली.

गर्भगृहाच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे. कॅमेरा वर केला आणि पडद्यावर तो उजळून आला: मुकुटातला एकेक मणी, खाली झुकलेल्या पापण्या, बोटांत धरलेलं निळं कमळ, मागच्या गर्दीतले चेहरे. कॅमेरा खाली केला तर समोर तपकिरी भिंत, तिच्यात एक उजळसर आकृती आणि बाकी सगळं हळूहळू उलगडणारं. लेण्याच्या अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस मिनिटांहून अधिक लागतात. आणि व्ह्यूफाइंडरचा पडदा तो सराव एका झटक्यात मोडतो, तोही एकाच डोळ्याचा. कॅमेरा खाली घेतल्यावर डाव्या डोळ्याला पद्मपाणी दिसतो आणि उजव्याला हिरवट काळा चौकोन. एक डोळा लेण्यात, एक फुजीफिल्मच्या कारखान्यात. कोणाला विश्वास वाटत नसेल तर एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहावं.

व्ह्यूफाइंडर उजळ आहे ही सगळ्या परीक्षणांत गुण म्हणून लिहिलेली गोष्ट. लग्नात, मैदानावर, जायकवाडीला तो गुण आहेच. कैलासाच्या अंगणातही आहे. तिथे काळा बसाल्ट आणि माथ्यावरचं ऊन यांत इतकं अंतर असतं की एक सांभाळावं तर दुसरं जातं, आणि पडद्यावर आधीच दिसतं की हत्तीच्या पाठीवरचं ऊन जळून पांढरं होतंय. तिथे या कॅमेऱ्याने माझी मेहनत निम्मी केली. पण चित्रलेण्यात तो मला बघूच देत नाही. वेरूळला आणि अजिंठ्याला पूर्वी लेण्यांत उजेड करायला माणसं दारात उभं राहून आरशावर किंवा चकचकीत पत्र्यावर ऊन घ्यायची आणि आत फेकायची. तो उजेड हलायचा, थरथरायचा, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जायचा. त्यात सगळी भिंत एकदम कधीच दिसत नसे. चित्रकारांनीही ती दिव्याच्या किंवा तशाच उसन्या उजेडात रंगवली असणार. आयएसओ ३२००ने सपाट उजळलेली भिंत त्यांच्यापैकी कोणी पाहिलेली नाही.

रंगाचाही घोळ आहे. ग्रिफिथ्सच्या काळात आणि पुढे १९२०-२२मध्ये निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांच्या दुरुस्तीत चित्रांवर व्हार्निश आणि लाखेचे थर चढले. ते कालांतराने पिवळे पडले. पुरातत्त्व खात्याने पुढे बरेच काढले, सगळे निघाले नाहीत. कॅमेऱ्याचं स्वयंचलित व्हाइट बॅलन्स हा पिवळेपणा चूक समजून धुऊन काढतं आणि पद्मपाणी किंचित निळसर, ताप उतरल्यासारखा दिसतो. मी ते बंद करून एकाच आकड्यावर ठेवतो. तो आकडा खरा आहे असा दावा नाही. निदान एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेल्यावर तो बदलत नाही.

माझी सध्याची पद्धत अशी आहे. लेण्यात गेल्यावर कॅमेरा बंद, झाकण लावलेलं. डोळे सरावू द्यायचे, चित्र चित्रासारखं पाहायचं. मग व्ह्यूफाइंडरची चमक सगळ्यात खाली ओढायची आणि मोजमाप सांगेल त्याच्या दोन स्टॉप खाली फोटो घ्यायचा. अंधार अंधारासारखा राहतो. दुसरा फोटो मोजमापाप्रमाणे, उजळ, तो नोंदीसाठी. दोन्हींमध्ये शटर वाजत नाही, शेजारच्याला कळतही नाही. लहान कॅमेऱ्याचं मी सगळ्यात मोठं देणं मानतो ते हे: दुसरा फोटो घ्यायला सवड मिळते. दीड किलोच्या वेळी एकच साधायचा आणि बाहेर पडायचं.

दोन्हींच्या प्रिंट काढल्या, बारा बाय अठरा, मॅट. घरी आलेल्यांनी एकजात उजळ प्रिंट उचलली. अंधाऱ्या प्रिंटकडे पाहून एक काकू म्हणाल्या, “शाई संपली होती का रे?” पुढच्या खेपेस दोन्ही गुंडाळून फर्दापूरला नेल्या. लेण्यांमध्ये आयुष्य घालवलेले एक गाइडकाका आहेत, केस पांढरे, चप्पल हातात घेऊन चालणारे. त्यांनी दोन्ही टपरीच्या बाकावर पसरल्या, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ अंधाऱ्या प्रिंटवर थांबले.

“हे आमचं लेणं,” त्यांनी बोट ठेवलं. “आणि हे साहेब, पुस्तकातलं.”

मी खूश होऊन अंधारी प्रिंट त्यांच्या पुढे सरकवली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

“नाही, मला ही उजळ द्या. बाहेर झाडाखाली पाहुण्यांना दाखवायला बरी. आत मग ते शोधत बसत नाहीत.”